शेवटचा घास कुणी घ्यायचा

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली जागच्या जागी होती, आणि लिफाफा नव्हता.

बेरिट ओस्बीने तिसऱ्यांदा खण पुढे ओढला. जन्ममृत्यूच्या नोंदी, कुत्र्यांचे परवाने, स्मशानाचा नकाशा, सगळं जागेवर होतं. फक्त तपकिरी लिफाफा गायब होता. त्याच्या तोंडावर तांबड्या लाखेचा रुपयाएवढा शिक्का होता आणि दुपारी बाराला तिने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आता चार वाजले होते. सातला टॅमरॅक बेंडच्या नगरपरिषदेत गॅसच्या मक्त्यावर तिसरं, शेवटचं वाचन होतं आणि मतदानाआधी तो लिफाफा सगळ्यांसमोर फोडायचा होता.

"सापडला?" दारातून आवाज आला. नगराध्यक्ष ऑरिन फ्लाटेन. भट्ट्या विकणाऱ्या माणसाचे रुंद खांदे, आणि त्याहून रुंद आवाज.

"नाही."

"नाही म्हणजे?"

म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक होतं. गावात तीस वर्षं हॅगन कंपनीचा गॅस. आता थ्री फॉर्क्स नावाची नवी कंपनी दार ठोठावत होती. ज्याला मत मिळेल त्याला गाव पंचवीस वर्षं बांधलेलं. हॅगनच्या जमिनीखालच्या नळ्या धड आहेत की सडल्यात, हे बघायला ऑक्टोबरात परिषदेने बाहेरचा तपासनीस बोलावला होता. आणि त्याचा अहवाल तिसऱ्या वाचनापर्यंत कुणीच, अगदी कुणीच उघडायचा नाही, असं एकमताने ठरवलं होतं. कुणाला आधी कळलं नि कुणाला नंतर, असं नको. टॅमरॅक बेंडमध्ये माणसं न्यायाला फार जपतात. शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून इथे लोक दात दुखत असताना हसतात.

लिफाफा हातात देताना तो म्हातारा तपासनीस तेवढं म्हणाला होता, "फार दिवस खणात ठेवू नका, बाई." बेरिटला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

"दुसरी प्रत?" फ्लाटेनने विचारलं.

"त्यांच्याचकडे. ते डाकोटात आहेत. तिकडे वादळ चालू आहे, तारा पडल्यात. थेल्मा सकाळपासून फोन लावतेय."

"मग सातला लिफाफ्याविना मतदान होईल. हॅगनचा जुना मक्ता आज संपतो." फ्लाटेन टेबलावर वाकला. "किल्ली कुणाकडे असते, मिसेस ओस्बी?"

"माझ्याकडे. बटणांच्या डब्यात."

"दुपारभर जागेवर होतात ना?"

बेरिटने क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे चर्च, त्याच्या तळघरात पाळणाघर, त्यात तिची तीन वर्षांची टिल्डा. मागच्याच महिन्यात फ्लाटेनने बजावलं होतं: कामाच्या वेळात पुन्हा तिकडे पळालात तर दुसरी बाई बघेन.

"हो," ती म्हणाली. "हलले नाही."

हे खोटं होतं. आणि ते बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता या अख्ख्या इमारतीत लिफाफा घेऊ शकणारी एकच व्यक्ती उरली होती. ती स्वतः.

२

"सातपर्यंत शोधा," फ्लाटेन म्हणाला होता. "नाहीतर उद्यापासून यायचं कारण नाही."

बेरिटने टेबलावरचा कोट उचलून खांद्यावर घेतला. तीनच्या सुमाराला खोली एकदम गारठली होती, तेव्हाचा तो बाहेर काढलेला. भिंतीकडेच्या रेडिएटरची सततची टकटक तेव्हा थांबली होती. आता ती पुन्हा चालू होती.

खरं काय झालं होतं ते ती मनात लावू लागली. पावणेतीनला पाळणाघरातून फोन: टिल्डा खोकतेय, डोकं दुखतं म्हणून रडतेय. ती धावत गेली. सव्वातीनला परत. तीस मिनिटं. किल्ली बटणांच्या डब्यात असते हे गावातल्या मांजरांनासुद्धा माहीत. त्या वेळी इमारतीत नाहीतर आसपास चौघं होते, असं दारावरच्या वहीत दिसत होतं: फ्लाटेन, थ्री फॉर्क्सचा माणूस वेड, इमारतीची आणि पाण्याच्या नळांची देखभाल करणारा डेल्मर ब्रेक्के, आणि परिषदेतल्या सगळ्यांत ज्येष्ठ मिसेस व्हर्ना सॅदर.

फ्लाटेनचं पहिलं. तिने टेलिफोनच्या थेल्माला विचारलं.

"ऑरिन? अगं, पावणेतीन ते साडेतीन तो राजधानीच्या कचेरीशी भांडत होता. मी तारेवर होते. म्हणजे ऐकत नव्हते हं मी."

"नाहीच ऐकलं असणार तुम्ही."

"पण शिव्या कानावर पडतातच ना बाई."

वेड सभागृहात नकाशे टांगत होता. शहरी बूट, त्यावर मिठाचे पांढरे डाग. बेरिटने काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "मला तो अहवाल वाचून हवाय, मॅडम. त्या नळ्या वाईट असतील तर मक्ता माझाच. मी कशाला चोरू?"

खरं होतं. शिवाय धावत जाताना तिने त्याला न्हाव्याच्या काचेतून पाहिलं होतं, गळ्यापर्यंत फडकं, तोंडभर फेस. म्हणजे उरले दोन.

डेल्मर बॉयलरच्या खोलीत होता. तिला पाहून त्याने पाना पाठीमागे लपवला. चाळीस वर्षांचा बाप्या, चोरून खाऊ खाताना सापडल्यासारखा.

"पावणेतीन ते सव्वातीन कुठे होतास?"

"इथेच."

"काय करत होतास?"

"काम."

"कसलं?"

"बेरिट, मला विचारू नकोस." त्याच्या कपाळावर घाम होता. "लिफाफा मी नाही घेतला. एवढंच सांगतो. जास्त विचारलंस तर माझ्याबरोबर आणखी एकाचं घर बुडेल."

त्याने बॉयलरच्या खोलीचं दार तिच्या तोंडावर लावून घेतलं.

३

शेजारीच स्वयंपाकघर. मिसेस सॅदर खुर्चीवर बसून लोकर विणत होत्या. टेबलावर त्यांचं काचेचं मोठं भांडं दुलईच्या पिशवीत, पांढऱ्या टॉवेलवर ठेवलेलं. मतदानाच्या दिवशी परिषदेचे लोक आधी तळघरात एकत्र जेवतात. ज्याने त्याने आपापलं भांडं आणायचं, त्याच्या तळाला चिकटपट्टी लावून नाव लिहायचं, नाहीतर परत जाताना कुणाचं कुठलं कळत नाही. मिसेस सॅदरची हॉटडिश गावात नावाजलेली: खाली खिमा, मध्ये अळंबीचं पांढरं सार, वर बटाट्याच्या गोळ्यांचा कुरकुरीत थर. खिम्यात टोमॅटो घालणाऱ्या बायकांबद्दल त्यांचं मत त्या कुणालाही ऐकवत.

"ये पोरी. तोंड बघ कसं झालंय. त्या ऑरिनने तुला छळलं ना?"

बेरिटला रडू फुटायचं बाकी राहिलं. ही नोकरी तिला याच बाईने मिळवून दिली होती. टिल्डाचा पहिला स्वेटर याच सुयांवरचा.

"मिसेस सॅदर, तुम्ही कधी आलात?"

"अडीचला. आल्याबरोबर भांडं शेगडीखालच्या भट्टीत सरकवलं, मंद आचेवर. गार हॉटडिश म्हणजे पाप. तासभर इथेच बसलेय तिच्यासमोर. हात लावून बघ, अजून भाजतं."

बेरिटने हात लावला. भाजलंच. टॉवेलच्या काठावर एक लालसर डाग होता. बीट सांडलं असेल, असं तिला वाटलं.

"वर कुणाला जाताना पाहिलंत?"

"डेल्मर तेवढा इकडेतिकडे करत होता. पण मी काही म्हणत नाही हं. चांगला मुलगा आहे. भाऊ हॅगनकडे कामाला आहे, पण म्हणून काही..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि टाके मोजू लागल्या.

वाक्य सोडून द्यायची इथली रीत. न बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं.

जिन्यात वरून वेडचा आवाज आला. तो पाणी प्यायला खाली उतरत होता. "एक सांगाल? या गावात मला सगळे एक विनोद सांगतात, मला काही तो कळला नाही. गॅसवाल्याची बायको आणि चूल विजेची. हे कुणाबद्दल?"

"मिसेस सॅदर." बेरिट नकळत हसली. "त्यांचे यजमान हॉकन सॅदर. गावातल्या निम्म्या नळ्या त्यांनी घातल्या, हॅगनचे मुकादम होते. आणि घरात मात्र..."

ती थांबली.

घरात मात्र बाईने कधी गॅस येऊ दिला नाही. लग्नापासून विजेची चूल. तीस वर्षं सगळे हसले, आणि का, हे एकानेही विचारलं नाही.

४

पाच वाजून वीस मिनिटं. बेरिट पुन्हा बॉयलरच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. या वेळी तिने हळू आवाजात, लाकडाला तोंड लावून सांगितलं, "डेल्मर, मी पण खोटं बोललेय. दुपारी अर्धा तास मी जागेवर नव्हते. टिल्डा खोकत होती. आता तू सांग."

दार किलकिलं झालं.

"तीनच्या सुमारास माझी खोली गार पडली होती," ती म्हणाली. "रेडिएटर थांबला होता. का?"

डेल्मरने कपाळ पुसलं. "मी गॅस बंद केला होता. अख्ख्या इमारतीचा. बॉयलरच्या सांध्यापाशी वास आला. अडीचला मोठी चावी फिरवली, सांधा काढला, नवीन बसवला, पावणेचारला चालू केलं. मतदानाच्या दिवशी नगरभवनातच गॅस गळतो म्हणून ओरडलो असतो तर माझ्या भावाची नोकरी गेली असती. आता वास नाही. देवाशपथ."

"अख्ख्या इमारतीचा. म्हणजे स्वयंपाकघराचासुद्धा?"

"एकच नळी आहे. शेगडीच्या चाव्या बंद आहेत ना तेवढं आधी पाहून घेतलं. तेव्हा तिथे कुणी नव्हतं."

अडीच ते पावणेचार.  मंद आचेवर तासभर, म्हणाल्या होत्या. त्या शेगडीत आचच नव्हती. भांडं गरम होतं, कारण ते गरमच आलं होतं, घरच्या विजेच्या चुलीवरून. मग अडीचला आलेली बाई तासभर स्वयंपाकघरात नव्हती, तर कुठे होती?

आणि हॉटडिश पांढरी. त्यात टोमॅटो नाही, बीट नाही. मग टॉवेलवर लाल काय होतं?

लाख. गरम भांड्याखाली वितळलेली लाख.

"डेल्मर," तिने विचारलं, "गॅस गळत असेल तर वास येतोच ना? म्हणजे वास नाही तिथे भीती नाही?"

"नळी उघड्यावर असेल तर येतो. जमिनीतून झिरपत आला तर गॅसमध्ये मिसळलेला वास माती गाळून घेते. नुसता गॅस उरतो. आणि वर जमीन गोठलेली असली की वर जायला वाट नाही. मग तो आडवा सरकतो, मिळेल त्या तळघरात. डोकं दुखतं लोकांना, खोकतात, आणि वाटतं सर्दी झाली."

टिल्डाला सर्दीच असेल, असं बेरिटने मनाला बजावलं; कुठल्या तळघराला धोका, ते त्या लिफाफ्यातच असणार होतं. जमीन गोठून पंधरा दिवस झाले होते.

५

जेवण चालू झालं होतं. अठरा माणसं, लांब टेबलं, कागदी ताटल्या. बेरिटला ओरडावंसं वाटत होतं. पण तिच्यावर आधीच चोरीचा आळ होता. तिने मिसेस सॅदरकडे बोट दाखवलं असतं तर अठरा माणसांनी खाली माना घालून कॉफी ढवळली असती, आणि तेवढ्यात लिफाफा पिशवीसकट घरी गेला असता.

भांड्याला हात लावता येणार नव्हता. दुसरीचं भरलं भांडं उचलायचं नाही. ते रिकामं झाल्यावरच उचलायचं, तळाची पट्टी वाचायची, धुवायचं. आणि ते रिकामं कधीच होणार नव्हतं. टॅमरॅक बेंडमध्ये शेवटचा घास कुणी घेत नाही. अर्धा करतात, अर्ध्याचा पाव करतात, पण शेवटचा तुकडा भांड्यातच सुकतो आणि मालकिणीबरोबर घरी जातो. माणसं उपाशी उठतील, तो उचलणार नाहीत. मिसेस सॅदरनी तिजोरी निवडावी तशी ही जागा निवडली होती.

बेरिट उठली. भांड्यात एक घास उरला होता, बटाट्याचा एक गोळा आणि जरासा खिमा. शेजारी चमचा. तिने चमचा उचलला.

टेबलावरचं बोलणं एकेक करून बंद पडलं.

"बेरिट," पाद्रीणबाई हळूच म्हणाल्या, "शेवटचा आहे तो."

"हो," बेरिट म्हणाली, आणि तो घास ताटलीत घेतला.

कुणाचा तरी काटा खाली पडला. फ्लाटेनचं तोंड उघडंच राहिलं. बेरिट मिसेस सॅदरकडे बघत होती. त्यांच्या सुया थांबल्या होत्या.

"रिकामं झालं," बेरिट म्हणाली. "मी धुऊन देते, मिसेस सॅदर."

तिने भांडं उचललं. खालचा टॉवेल त्याच्याबरोबर उचलला गेला, आणि टॉवेलला चिकटून, चपट्या तांबड्या लाखेने लोंबत, तपकिरी लिफाफा.

"भट्टी आज दुपारी बंद होती," बेरिट म्हणाली. "डेल्मरने गॅस तोडला होता. अडीच ते पावणेचार."

डेल्मर उभा राहिला. "तोडला होता," तो म्हणाला, टेबलाच्या टोकाला बसलेल्या हॅगनवाल्या भावाकडे न बघता.

मिसेस सॅदरनी विणकाम नीट गुंडाळून पिशवीत ठेवलं. "पोरगी रस्ता ओलांडताना दिसली," त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, जणू इतिवृत्त सांगत होत्या. "वर गेले. डबा उघडला. मग घरी जाऊन भांडं आणलं. फोडलेला नाही मी तो. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी फोडत नाही."

"पण का?" फ्लाटेनने विचारलं.

"हॉकनने तिसऱ्या रस्त्याच्या नळ्या गंजरोधक लेप न लावता पुरल्या. लेप आला नव्हता, थंडी येत होती, वरून घाई. मला रात्री सांगायचा. दिवसा नाही. त्याच्या थडग्यावर मुकादम लिहिलंय. तेवढंच उरलंय मला त्याचं."

"तिसरा रस्ता," बेरिट म्हणाली. तिने लिफाफा फाडला होता. कुणी थांबवलं नाही. पहिल्याच पानावर, हाताने, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं तिने मोठ्याने वाचलं: "चर्चची पूर्वेकडची भिंत. गळती आज किरकोळ. जमीन गोठायच्या आत खोदा. गोठल्यावर तळघरात शिरेल."

 मग सगळ्यांत आधी ओरडल्या त्या मिसेस सॅदर.

"मुलं! अरे, मुलं आहेत तिथे!"

"फोन करू नका!" डेल्मर धावता धावता गरजला. "घंटीची ठिणगी पुरे होते! दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही! तुमच्या सिगारेटी इथेच!"

बेरिटला रस्ता ओलांडल्याचं आठवत नाही. चर्चच्या तळघरात दिवे लागलेलेच होते, वास कसलाच नव्हता, आणि सात मुलं चटईवर नको इतकी शांत पडली होती. सांभाळणारी मुलगी भिंतीला टेकून म्हणाली, "आज सगळीच पेंगतायत, काय माहीत का." बेरिटने टिल्डाला उचललं, दुसऱ्या काखेत आणखी एकाला. बर्फात आल्यावर टिल्डाने डोळे उघडले आणि थंडी वाजते म्हणून भोकाड पसरलं. बेरिटने आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकला नव्हता.

हवेतल्या गॅसचं मोजमाप घेऊन तळघरातून वर आलेल्या डेल्मरने कुणालाही आकडा सांगितला नाही. त्याने फक्त तिसऱ्या रस्त्याची मोठी चावी फिरवली आणि तिच्यावरच बसून राहिला.

सातवं मूल दोन्ही हातांत घेऊन, पायात नुसते मोजे, मिसेस सॅदर बर्फात उभ्या होत्या.

६

मतदान दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मक्ता कुणालाच नाही. हॅगनला नव्वद दिवस, तेही आधी खोदून नळ्या दाखवल्यावर. वेडने नकाशे गुंडाळले आणि वसंतात परत येतो म्हणाला. फ्लाटेन बेरिटच्या टेबलाशी आला, बराच वेळ रेडिएटरकडे बघत उभा राहिला, आणि शेवटी म्हणाला, "पाळणाघरातून फोन आला तर जात जा." माफी मागायची ही त्याची तऱ्हा. व्हर्ना सॅदरचा राजीनामा चार ओळींचा होता, शुद्धलेखन निर्दोष.

काचेचं भांडं मात्र बेरिटकडेच राहिलं होतं. धुतलेलं, तळाला नावाची पट्टी. तीन आठवडे ते फळीवरून तिच्याकडे बघत होतं. तळघरातल्या चटईवर पडलेली टिल्डा आठवली की तिला ते फोडावंसं वाटे. मग त्या मोज्यांतल्या पायांची आठवण येई. आणि परक्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं.

एका शनिवारी तिने त्यात सफरचंदाच्या वड्या भाजल्या आणि एकटीच गेली. दार उघडायला वेळ लागला. घरात कुणी येत नसावं; टेबलावर एकच कप होता.

"आत ये म्हणत नाही मी," मिसेस सॅदर म्हणाल्या. "यायचं की नाही, तुझं तू ठरव."

बेरिट आत गेली. दोघी जेमतेम बोलल्या. पोर कशी आहे. बरी आहे. खोकला? गेला. खिडकीतून तिसऱ्या रस्त्यावरचा खड्डा दिसत होता, त्यात उतरलेली माणसं, बाहेर काढून ठेवलेल्या गंजलेल्या नळ्या. मिसेस सॅदरची खुर्ची तिकडेच तोंड करून होती.

हळूहळू वड्या संपत आल्या. एक उरली. दोघींनी हात मागे घेतले. 

मग मिसेस सॅदरनी भांडं बोटाने तिच्याकडे सरकवलं.

"घे, पोरी," त्या म्हणाल्या. "गावात ती हिंमत तुझ्या एकटीचीच आहे."